वेंगुर्ल्याच्या बाजारातलं पुस्तकांचं दुकान आणि तिथली 'सध्या काय वाचताय' वही

दोन वर्षं झाली मला इथे मेंबर होऊन, आणि रिव्ह्यू लिहीन लिहीन म्हणत राहूनच जात होतं. आता काजू बी खरेदीचा सीझन संपलाय, कारखान्यात हिशेबाचं काम जरा कमी आहे आणि बाहेर पाऊस असा लागलाय की छत्री घेऊनसुद्धा गेटपर्यंत जाववत नाही, तर म्हटलं बसून सगळं लिहूनच टाकते. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण काकांनीच सांगितलंय की नाव नको. वेंगुर्ल्याच्या बाजारात येऊन कोणालाही "पुस्तकांवाले काका खंय बसतत?" असं विचारा, माणूस हातातलं काम टाकून दुकानापर्यंत सोडायला येईल.

बाहेरून बघाल तर साधं स्टेशनरीचं दुकान. वह्या, पेनं, कंपास, झेरॉक्स मशीन, जूनमध्ये टांगलेली दप्तरं आणि रेनकोट. पण काउंटरच्या बाजूने आत गेलात की मागे एक लांबट खोली आहे, कौलारू, वर दोन काचेची कौलं बसवलीत त्यातून उजेड येतो, आणि तिन्ही भिंतींना पुस्तकं. तीन हजारांच्या वर आहेत म्हणतात काका. अनामत २०० रुपये, महिन्याची वर्गणी ६०, एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक, पंधरा दिवसांनी परत नाहीतर रिन्यू करायचं. उशीर झाला तर दिवसाला १ रुपया दंड, पण गणपतीत दंड माफ, कारण तेव्हा इथल्या कुठल्याच घरात कोणाला तारखेचं भान नसतं, चाकरमानी आलेले, भजनं, आरत्या, मोदक, पुस्तक कुठल्या उशीखाली गेलं ते विसर्जनानंतरच कळतं.

हे सगळं तसं बऱ्याच वाचनालयांत असतं. मी लिहायला बसले ती वहीसाठी.

काउंटरवर एक जाड लाँगबुक असतं, पेन दोरीने बांधलेलं. हाताने चार रकाने आखलेत. मेंबर नंबर, पुस्तकाचं नाव, कितव्या पानावर आहात, आणि शेवटचा रुंद रकाना, त्याच्यावर नुसतं 'काय वाटतंय' असं लिहिलंय. तारीख काका स्वतः रोज सकाळी पानावर टाकतात आणि पहिली नोंद त्यांचीच असते. पुस्तक न्यायला किंवा परत द्यायला गेलात की ते विचारणार, "काय वाचतंस गे सध्या?" आणि वही तुमच्याकडे फिरवणार. पुस्तक त्यांच्याकडचंच असलं पाहिजे असं काही नाही हां. घरचं असेल, शाळेतलं असेल, मोबाइलवर वाचत असाल, कानाला हेडफोन लावून ऐकत असाल, सगळं चालतं. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. माझा ११४.

वहीच्या पहिल्या पानावर काकांच्या अक्षरात तीन गोष्टी लिहिल्यात, शेवट सांगायचा नाही, कोणाच्या पुस्तकाला हसायचं नाही, आणि अर्धं सोडलं तरी तसं लिहायचं. त्यातली दुसरी गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात मोठी आहे आणि का ते सांगते.

कॉलेजात असताना मी दुसऱ्या एका वाचनालयात जायचे, कुठलं ते राहूदे. तिथे काउंटरवर जे बसायचे त्यांनी एकदा माझ्या हातातली कादंबरी उलटून बघितली आणि चार माणसांसमोर म्हणाले, असलं वाचून काय होणार आहे, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचं काहीतरी ने. मी कादंबरी तिथेच ठेवली आणि खरंच स्पर्धा परीक्षेचं नेलं. त्यानंतर लग्न, नोकरी, पोरगी लहान, आणि मजा म्हणून पुस्तक हातात घेणं जे सुटलं ते अकरा वर्षं सुटलं. कोणी अडवलं नव्हतं, वेळही अधूनमधून असायचा, पण पुस्तक घेऊन बसलं की आपण काहीतरी फालतू करतोय असं वाटायचं आणि मग उठून भांडी घासायचे.

इथे पहिल्यांदा आले ते मुलीच्या प्रोजेक्टच्या झेरॉक्ससाठी. पाऊस होता म्हणून थांबले, काकांनी विचारलं काय वाचतेस, मी म्हटलं काही नाही. म्हणाले, "काय नाय तर 'काय नाय' असा लिही." मी अजून मेंबरपण नव्हते, तरी वही पुढे केली. मी लिहिलं, 'सध्या काही नाही.' आठ दिवसांनी कसल्याशा कामाला परत गेले तर माझ्या ओळीखाली निळ्या पेनाने कोणीतरी लिहिलेलं, 'मी पण असाच होतो. गोनीदांची शितू घ्या, लहान आहे, दोन दिवसांत होते.' त्याच दिवशी अनामत भरली. शितू दोन दिवसांत नाही झाली, पाच दिवस लागले, पण झाली. आणि शेवटची काही पानं मी मागच्या पडवीत बसून वाचली कारण घरात कोणाला माझे डोळे दिसायला नको होते.

ती ओळ लिहिणारा माणूस कोण ते मला अजून माहीत नाही.

आता वहीत काय काय असतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं गावात कोण काय वाचणार. गेल्या पावसाळ्यातली पानं मी परवा काकांना विचारून परत चाळली.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत वहीत चार-पाच नंबर असे दिसतात जे बाकी वर्षभर गायब असतात. होड्या शाकारलेल्या, दिवसभर जाळी दुरुस्त करायची आणि रात्री वाचायचं. त्यातल्या एका दादांनी नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं ओळीने संपवली, जूनमध्येच सात. त्यांची एक नोंद मी पाठच केलीय. 'दर्यात कधी भियालंय नाय, पण ह्या वाचून रात्री न्हाणीयेत जावक भिया वाटता.' त्यांनीच एकदा उत्साहात एका गोष्टीचा शेवट लिहून टाकला होता, त्यावर काकांनी कागदाची पट्टी चिकटवली आणि शेवट सांगायचा नाही हा नियम तेव्हापासून आला.

एक काकी आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांनी पहिल्यांदा काउंटरवर हळूच विचारलं की मी सध्या 'रुचिरा' वाचतेय, पण ते काय वाचन म्हणायचं का. आता कमलाबाई ओगल्यांची रुचिरा १९७० साली आलेली, आपल्याकडे किती घरांत लग्नात दिलेली असेल, वाटी-चमच्याच्या मापाने शिकवणारं पुस्तक. काका म्हणाले, "वाचताना बरा वाटता मां? मगे लिहा." त्यांनी लिहिलं, 'रोज रात्री चार पानं. करायचं काही नाही, नुसतं वाचायचं.' ही नोंद मी वाचली तेव्हा मला आतून एकदम समजलं त्या काय म्हणतायत ते. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांधलेल्या बाईने रात्री अंथरुणात पडून खरवसाची कृती फक्त वाचायला म्हणून वाचायची, उद्या करायचा नाही, कोणी मागितलेला नाही. ह्याला आनंदासाठी वाचणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

एक रिटायर गुरुजी ययाति तिसऱ्यांदा वाचत होते. त्यांचं म्हणणं असं की शिरोडं आपल्या इतकं जवळ आणि खांडेकर १९२० साली तिथे शाळेत शिक्षक म्हणून आले ते अठरा वर्षं राहिले, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ चं ते त्यांना ययातिसाठी, आणि आपली पोरं ते फक्त धड्यात वाचतात. पण वहीत त्यांनी भाषण नाही लिहिलं. फक्त एवढंच, 'यावेळी शर्मिष्ठेच्या बाजूने वाचतोय.' ज्यांनी वाचलीय त्यांना कळेल, त्या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. ती ओळ बघून पुढच्या महिन्याभरात ययाति चार जणांनी नेली. चार! एक प्रत होती, काकांना दुसरी आणावी लागली.

नाइट ड्यूटीवाली एक नर्स आहे, ती लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे वाचत होती, तिने लिहिलेलं की वॉर्डात हसू आवरेना म्हणून पुस्तक बंद करून पाणी पिऊन आले. सातवीतला एक मुलगा फास्टर फेणे, त्याचा पान नंबर दिवसाआड पुढे सरकतो, आणि 'काय वाटतंय'च्या रकान्यात दर वेळी एकच, 'सायकल पाहिजे.' जयवंत दळवींचं सारे प्रवासी घडीचे तर इथे कायम कोणाच्या ना कोणाच्या हातात असतंच, शिरोड्याला जाताना आधी आरवली लागतं, दळवी तिथले, वेतोबाला जाऊन आलेला माणूस ते पुस्तक मागणारच. तिथल्याच कोणीतरी लिहिलंय, 'ह्यातलो एक म्हातारो आमच्या वाडयेतलोच वाटता. आजयेक विचारतलंय.' पुढे आजी काय म्हणाली ते लिहिलं नाही, मी दोन आठवडे वाट बघितली.

आणि खानोलकरांची कोंडुरा. कोंडुऱ्याचा किनारा इथे वायंगणीकडे आहे, आम्ही शाळेच्या सहलीला गेलेलो, पण कादंबरी वाचायची हिंमत होत नव्हती. वहीत एकाने लिहिलेलं, 'चाळीस पानं झाली, समजत नाहीये.' खाली दुसऱ्याने, 'मलाही नाही पण सोडवत नाही.' त्याच्या खाली तिसऱ्याने, 'मोठ्याने वाचून बघा.' मी मोठ्याने वाचून बघितली, रात्री, मुलगी झोपल्यावर, आणि तो माणूस बरोबर होता. कवीने लिहिलेलं गद्य आहे ते, कानाने जास्त कळतं.

आता माझी स्वतःची गोष्ट, हिच्यामुळेच मी ह्या दुकानाला कोणी नावं ठेवली तर भांडेन.

गेल्या वर्षी मी श्री. ना. पेंडशांची तुंबाडचे खोत घेतली. दोन जाडजूड खंड, १९८७ ची कादंबरी. पेंडसे दापोलीकडच्या मुर्डीचे, त्यांची गारंबीचा बापू मी आधी वाचलेली म्हणून धीर झाला. खोतांच्या पिढ्यामागून पिढ्या, आणि शेजारून वाहणारी जगबुडी नदी. आम्ही खालच्या अंगाचे, जगबुडी मी कधी बघितली नव्हती, नंतर मुंबईला जाताना गाडी खेडच्या जवळ आली तेव्हा झोपलेल्या नवऱ्याला ओलांडून खिडकीला जाऊन बसले, नदी बघायला. तर पहिला खंड मी तीन आठवड्यांत संपवला, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत, एसटीत, कुकरच्या शिट्या मोजत, आणि शनिवारी संध्याकाळी धावत दुसरा खंड आणायला गेले तर तो बाहेर. मेंबर नंबर ३७ कडे.

वही उघडली. ३७, तुंबाडचे खोत खंड दुसरा, पान २१०. बरं म्हटलं, अर्ध्याच्या आसपास तर आहेत, होईल. पुढच्या शनिवारी पान २६०. त्याच्या पुढच्या शनिवारी २७४. मला राग यायला लागला, आठवड्यात चौदा पानं, काय वाचतात का झोपतात. त्याच्या पुढे परत २७४. आणि ह्या वेळी शेवटच्या रकान्यात लिहिलेलं, 'आई आजारी आहे. वेळ मिळत नाही. कोणी थांबलं असेल तर माफ करा.'

मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ. मग खाली लिहिलं, '११४ थांबलेय. सावकाश वाचा, मला घाई नाही.' काका बघत होते, काही बोलले नाहीत, मला गारंबीचा बापू परत वाचायला काढून दिलं.

पुढचे दोन शनिवार ३७ ची नोंदच नव्हती. तिसऱ्या शनिवारी पान ३९०. मग ४५०. मग, 'झालं. सोमवारी आणून देतो. थांबल्याबद्दल आभार. आई घरी आली.'

पुस्तक माझ्या हातात आलं तेव्हा मधे जागोजाग एसटीची तिकिटं होती, खुणेसाठी घातलेली आणि काढायची राहिलेली. वेंगुर्ला सावंतवाडी, सावंतवाडी वेंगुर्ला, सगळी एकाच महिन्यातली. म्हणजे ती पानं हॉस्पिटलात जाता येता गाडीत वाचलेली. मी ती तिकिटं काढली नाहीत, जिथे होती तिथेच ठेवून वाचलं. ज्या पानावर तिकीट यायचं तिथे मी जरा थांबायचे. कादंबरीतली माणसं आणि तो न बघितलेला माणूस आणि त्याची आई सगळे एकत्रच वाचले मी, आणि आता तुंबाडचे खोत म्हटलं की मला सावंतवाडीची एसटीच आठवते. पुस्तक परत दिलं तेव्हा काकांना तिकिटांबद्दल सांगितलं, त्यांनी पुस्तक उघडून बघितलं आणि तसंच बंद करून फळीवर ठेवलं.

पुस्तकांची निगा हा वेगळाच विषय आहे आणि ह्यासाठी पूर्ण मार्क. समुद्राकाठी ज्यांची घरं आहेत त्यांना माहितीय, आपल्याकडे पुस्तक ठेवणं म्हणजे काय असतं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. पिना गंजतात, गंजाचा डाग कागद खातो, बुरशी धरते, कसर लागते, वाळवी आली तर फळीच्या मागून कधी आत शिरते कळत नाही. काका नवीन पुस्तक आलं की आधी त्याच्या पिना उपटतात आणि पाठीला दाभणाने भोकं पाडून शिवतात. धागा कुठला तर जाळ्याचा, नायलॉनचा, वर सांगितलं ते धारपवाले दादा आणून देतात. मी एकदा समोर बसून बघितलं, एका दिवाळी अंकाला पाच टाके, गाठ आतून, वर खाकी कागदाचं कव्हर, त्यावर शाईने नाव, दहा मिनिटांचं काम पण हात असा चालतो की बघत राहावं. कपाटांच्या खालच्या खणात पावसाळाभर बल्ब पेटता असतो, उबेसाठी. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा सुका पाला. फळ्या भिंतीला टेकवलेल्या नाहीत, चार बोटं पुढे आहेत, मागे हवा खेळते. आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की मागच्या खळ्यात चटया घालून सगळी पुस्तकं बाहेर, उन्हात नाही, मांडवाच्या सावलीत. त्या दिवशी मेंबर मदतीला जातात, मी दोन्ही वर्षं गेले. पावसात पुस्तक नेताना जाड प्लास्टिकची पिशवी देतात, ती मीच कारखान्यातून आणून दिलीयत, काजू पॅकिंगची, त्यात पाण्याचा थेंब शिरत नाही.

एक अनुभव अजून. मी एका ऑनलाइन जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून एक कादंबरी मागवली होती, त्यात पान १९३ ते २०८ नव्हतीच, सोळा पानांचा अख्खा फर्मा बाइंडिंगमध्ये गळलेला. विकणाऱ्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. मी वैतागून वहीत लिहिलं. चार दिवसांत एका मेंबरने घरातली स्वतःची प्रत आणून दिली, काकांनी त्या सोळा पानांची झेरॉक्स काढून, बरोबर मापात कापून माझ्या प्रतीत शिवून दिली. झेरॉक्सचे तेवढे पैसे घेतले, शिवण्याचे नाही.

दिवाळी अंकांच्या वेळी तर वहीला पानं पुरत नाहीत. १९०९ साली का. र. मित्रांच्या मनोरंजन मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली ही परंपरा, आणि इथे १५० रुपयांत फेब्रुवारीपर्यंत पाहिजे तेवढे अंक बदलून वाचता येतात. कुठल्या अंकातली कुठली कथा बघा, कुठला लेख सोडा, सगळं वहीत आधीच आलेलं असतं, त्यामुळे मी आता अंक चाळत बसत नाही, सरळ पान काढते.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मागच्या खोलीत चहा असतो. आठ-दहा जण येतात, कधी तीनच. कार्यक्रम असा काही नाही, पाहुणे नाहीत, हार नाहीत. प्रत्येकाने सध्या काय वाचतोय ते सांगायचं, सांगावंसं वाटलं तर एखादा उतारा वाचायचा, नाहीतर नुसता चहा प्यायचा. पहिल्या वेळी मी चहाच प्यायले. मुंबईहून घरून-काम करायला गावी आलेला एक मुलगा येतो, तो सगळं ऐकतो, वाचत नाही, भात लावताना कानात पुस्तक चालू असतं म्हणतो, आणि गुरुजी त्याला वाचक म्हणतात, श्रोता नाही म्हणत. मला हे फार आवडतं.

आता जे खटकतं ते पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू कसला.

दुकानाला चढायला तीन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही, पावसात शेवाळ धरतं. रुचिरावाल्या काकी आता पावसाळ्यात येतच नाहीत, नातवाला पाठवतात, आणि त्यामुळे जून ते सप्टेंबर त्यांची नोंद नसते. मी काकांना दोनदा बोललेय, कठडा लावा म्हणून, ह्या वर्षी तरी व्हायला पाहिजे. दुसरं, गेल्या आठ-दहा वर्षांतली नवीन पुस्तकं कमी आहेत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं मिळेल, पण आत्ता तिशीत असलेली माणसं मराठीत काय लिहितायत ते इथे कळत नाही. हे सरकारमान्य ग्रंथालय नाही, १९६७ च्या कायद्याखाली अ ब क ड वर्गाप्रमाणे ग्रंथालयांना अनुदान मिळतं तसं इथे काही येत नाही, वर्गणी आणि झेरॉक्सवरच चालतं, हे मला समजतं. तरी पण महिन्याला दोन नवी पुस्तकं तरी यावीत, लागलं तर वर्गणी ८० करा, मेंबर देतील. मुलांची पुस्तकं हाताळून हाताळून खिळखिळी झालीत, कितीही शिवली तरी कागदच उरला नाही. यादी मोबाइलवर नाही, पुस्तक आहे का बघायला जावंच लागतं, आणि काका दुपारी फोन उचलत नाहीत, जेवून आडवे झालेले असतात. यूपीआय आहे पण मागच्या खोलीत नेटवर्क नाही, सुटे पैसे ठेवा.

आणि सरकारी अनुदानवाल्या मोठ्या ग्रंथालयांना मी कमी लेखत नाहीये हे पण लिहिते. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथल्यासारखा साठा ह्या दुकानात कुठून येणार. पण माझं म्हणणं एवढंच की अशी वही तिथेही ठेवता येईल, शाळेत ठेवता येईल, आमच्या कारखान्याच्या डब्याच्या खोलीत तर मी गेल्या महिन्यापासून ठेवलीयच. काजू सोलणाऱ्या बायका अठ्ठावीस आहेत, आत्तापर्यंत अकरा नोंदी झाल्यात. त्यातली एक आहे, 'पोराचं चौथीचं मराठीचं पुस्तक. त्यातली माशाची गोष्ट. परत वाचली.' पान नंबरपण लिहिलाय तिने.

सध्या मी विष्णुभट गोडशांचा माझा प्रवास वाचतेय. पेणजवळच्या वरसईहून चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत निघालेले भटजी आणि नेमका १८५७ चा उठाव पेटलेला, झाशीच्या वेढ्यात सापडले. कोकणातल्या माणसाची नजर सगळीकडे आहे त्यात, म्हणजे गोळे पडतायत आणि ह्यांना जेवणाचं काय झालं तेही सांगायचंय, त्यामुळे सगळं खरं वाटतं. वहीत लिहिलं, पान ६२. काल बघितलं तर खाली ३७ ची नोंद, 'तुमचं झालं की मला.'

पाचपैकी साडेचार देते, अर्धा पायऱ्यांचा कापला.

दुकान सकाळी साडेनऊ ते एक आणि संध्याकाळी साडेचार ते आठ, सोमवारी फक्त सकाळी. बाहेरगावच्यांना अनामत ५०० आहे, सुट्टीला आलेल्यांना आठवड्यासाठी पण पुस्तक देतात. वहीत लिहायला मेंबर असायची गरज नाही. दोरीचं पेन चालत नसेल तर डाव्या खणात दुसरं असतं, काकांना विचारत बसू नका, घ्या.